विरोध करील त्याने मानपत्र लिहावे

मंडळाचा तो नियम पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसतोच. शासनव्यवस्थेच्या इतिहासावर वर्षभरात जे लेख छापून येतात, त्यांतल्या सर्वोत्तम लेखाला मंडळ बक्षीस देतं. परीक्षक तीन. तिघांचं एकमत झालं तर अध्यक्ष मानपत्र लिहितात आणि सगळे सुखाने चहा पितात. पण निकाल दोन विरुद्ध एक असा लागला, तर मानपत्र लिहायचं आणि समारंभात उभं राहून वाचायचं काम त्या एकाच्या, म्हणजे विरोध करणाऱ्याच्या गळ्यात पडतं. मंडळ काढणारे गृहस्थ सरकारी नोकरीत मुरलेले होते. त्यांचं म्हणणं असं, की लेख आवडला की माणूस अर्ध्यावरच मान डोलवायला लागतो. प्रत्येक ओळ चष्मा पुसून वाचतो तो फक्त विरोधक. तेव्हा स्तुती त्याच्याकडूनच करून घ्यावी. शिवाय हरलेल्या माणसाच्या हाती काही काम दिलं की तो भांडत बसत नाही, हे शहाणपणही त्यात होतंच.

बाई बरीच वर्षं परीक्षक होत्या आणि या नियमाचं कौतुक त्यांच्याइतकं कुणी केलं नव्हतं. नव्या सभासदांना त्या तो रंगवून सांगायच्या. दुसऱ्याच्या गळ्यातलं लोढणं नेहमी शोभूनच दिसतं.

बाई प्रशासनाचा इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘तळटीपबाई’ म्हणायचे. बाहेर ऊन आहे म्हटलं तरी बाई आधार विचारतील, अशी त्यांची ख्याती. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आयुष्यात एवढंच तर जपलं होतं त्यांनी: पुरावा असेल तेवढंच बोलायचं, आणि पुरावा असला की भीड ठेवायची नाही.

यंदा आलेल्या लेखांतला एक लेख त्यांनी जेवणाच्या टेबलावर वाचायला घेतला. लेखकाचं नाव नेहमीप्रमाणे झाकलेलं. मथळा होता ‘वाचकाविना अहवाल’. विषय छोटासाच. नदीच्या पुलाखाली पाणीपातळी मोजणारं एक सरकारी केंद्र होतं. तिथला कारकून रोज सकाळी खांबावरच्या मोजपट्टीवरचा आकडा बघून राजधानीतल्या पूर-सूचना शाखेला अहवाल पाठवायचा. पुढे खात्याची फेररचना झाली आणि ती शाखाच दुसऱ्या शाखेत विलीन झाली. अहवाल बंद करण्याचा हुकूम काढायचा अधिकार मात्र त्या जुन्या शाखेलाच होता, आणि ती उरली नव्हती. त्यामुळे हुकूम कधी निघालाच नाही. अहवाल येत राहिले. आवक विभागातला माणूस त्यांच्यावर शिक्का मारायचा, गठ्ठे बांधायचा आणि ते तळघरात जायचे. कारकून निवृत्त होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ सगळी हयात, हे चाललं. ते अहवाल वाचण्याचं काम कुणाकडेच नव्हतं.

लेख फार चांगला होता. दुसऱ्या पानावरच बाईंना ते कळलं आणि तिथेच त्यांनी वाचणं थांबवलं. कारण तो पूल त्यांच्या ओळखीचा होता. पुलाजवळच्या दोन खोल्यांच्या सरकारी घरातच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या, आणि तो कारकून म्हणजे त्यांचा थोरला भाऊ.

आईवडील गेल्यावर दादानेच त्यांना वाढवलं. स्वतः शिक्षण सोडून त्या केंद्रावर चिकटला आणि धाकटीला शिकवलं. आता वहिनी गेल्यापासून तो बाईंकडेच राहत होता. आत्ताही तो आत स्वयंपाकघरात पाण्याची टाकी उघडून बघत होता आणि रोजच्यासारखं ओरडून सांगत होता, “पातळी पाऊण. धोका नाही. घरमालकिणीने निर्धास्त राहावं.”

लेखाच्या शेवटाकडे लेखकाने अहवालातल्या ‘शेरा’ या रकान्याबद्दल लिहिलं होतं. नंतरच्या वर्षांत त्या रकान्यात खाजगी मजकूर येऊ लागल्याचं दिसतं, असं म्हणून एक नमुना दिला होता: ‘आज बहिणीची शेवटची परीक्षा. पाणी स्थिर.’

बाईंनी तो कागद उलटा करून ठेवला. मग पुन्हा सुलटा केला. कोणती परीक्षा, कोणता दिवस, दादाने सायकलवरून स्टेशनपर्यंत कसं सोडलं होतं, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. परत जाऊन त्याने मोजपट्टी पाहिली असेल आणि ही ओळ लिहिली असेल. कुणासाठी? तर तळघरासाठी.

आणि हा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगत असे? “आमचा आकडा हातात पडल्याशिवाय वरच्यांना चहा गोड लागत नसे.” जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला त्याने हे ऐकवलं होतं. बाईंनी अंदाजानेच ठरवून टाकलं, की याला काही म्हणजे काही माहीत नाही. या वयात, सगळं झाल्यावर, आपली हयात एका शिक्क्यापलीकडे गेलीच नाही हे त्याने ऐकायचं, तेही पहिल्या रांगेत बसून. कारण समारंभाला तो दरवर्षी यायचा. बहीण व्यासपीठावर बसते याचा त्याला कोण अभिमान. पाठ दुखते म्हणून घरून उशी घेऊन यायचा, पण यायचा.

लेखकाशी नातं असेल तर परीक्षकाने बाजूला व्हावं, असं मंडळाच्या नियमात लिहिलेलं होतं. लेखातल्या माणसाशी नातं असेल तर काय, ते लिहिलेलं नव्हतं. बाईंनी जन्मात पहिल्यांदा न लिहिलेल्या गोष्टीचा फायदा घेतला. बैठकीत त्यांनी नात्याबद्दल गप्प राहून विरोधी मत दिलं, आणि कारण विचारल्यावर सांगितलं की लेखाचा मुख्य सांधाच कच्चा आहे. उत्तर आलं नाही म्हणजे कुणी वाचलं नाही, हे कशावरून? वाचून गप्प बसणारे काय थोडे असतात? निर्णायक पुरावा कुठे आहे?

“बाई, आमच्या घरी तर उत्तर आलं नाही म्हणजेच वाचलं असं धरतात,” अध्यक्ष म्हणाले. ते कानाला यंत्र लावायचे आणि सोयीप्रमाणे बंद करायचे. तिसरे परीक्षक, निवृत्त सचिव, म्हणाले की मुद्दा बरोबर आहे, पण एवढ्या एका फटीसाठी इतका सुंदर लेख मागे ठेवणं बरं नव्हे. दोन विरुद्ध एक. अध्यक्षांनी यंत्र चाचपलं आणि हसून म्हणाले, “मानपत्र तुमच्याकडे.”

असे आपलेच दात आणि आपलेच ओठ झाल्यावर बाई घरी आल्या.

मानपत्र त्यांनी लिहिलं. चांगलंच लिहिलं, कारण वाईट लिहिणं त्यांना जमत नव्हतं. पण अडचण पुढेच होती. घरात वर्षानुवर्षांचा रिवाज होता की बाईंचा कुठलाही मजकूर आधी दादाला वाचून दाखवायचा. त्याला इतिहासातलं ओ की ठो कळत नाही असं तो स्वतःच सांगायचा, पण कुठे लांबलंय ते त्याला अचूक कळायचं. यंदा बाईंनी वाचायचं नावच काढलं नाही. उलट सभागृहातल्या खुर्च्या या वर्षी फारच वाईट आहेत, गर्दी असेल, तू येऊ नकोस, असं दोनतीनदा सुचवून पाहिलं. दादा हो हो म्हणाला आणि कोट धुवायला टाकून आला.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी तो बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करत बसला होता. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, परत आत गेल्या, परत आल्या. तिसऱ्या वेळी त्याने मान वर न करता सांगितलं, की माणसाला वाचून दाखवायचं असेल तर वाचून दाखवावं, उगाच दरवाज्याची उंची मोजू नये.

बाईंनी वाचलं. प्राध्यापकी आवाजात सुरुवात केली, पण ‘नदीकाठच्या केंद्रातून रोज अहवाल येत राहिले आणि ते वाचण्याचं काम कुणाकडेच नव्हतं’ या वाक्यावरून त्या घाईने पुढे सरकल्या. कसंबसं शेवटपर्यंत नेलं. दादाचा ब्रश एका लयीत चालूच होता.

“दुसरा परिच्छेद लांबलाय,” तो म्हणाला. “निम्मा काप.”

“दादा, हे तुझ्याबद्दल आहे.”

“ते कळलं गं. पुलाखालची मोजपट्टी काय दुसऱ्या कुणाच्या बापाची होती?”

बाई उंबऱ्यावरच बसल्या. तुला माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा दादाने बूट उजेडात धरून बघितला आणि सांगितलं, की पहिल्या काही वर्षांत नव्हतं, पुढे होतं. मग त्या चहा गोड न लागण्याच्या गोष्टी? तर त्याचं म्हणणं, जिन्यात भेटलेल्या भल्या माणसाला काय सांगायचं? आमचं कुणी वाचत नव्हतं म्हणून? तो बिचारा हातात भाजीची पिशवी घेऊन उभा असतो, त्याला आपण हसू द्यावं, आपला हिशोब देऊ नये.

“मग लिहीत का राहिलास?”

दादाने थोडा विचार केला. हा प्रश्न त्याला आधी कुणी विचारला नसावा.

“पाणी रोज येत होतं ना,” तो म्हणाला.

बाई रडल्या. तोंडाला पदर न लावता, लहानपणी रडायच्या तशा. दादाने बूट खाली ठेवला आणि काळे झालेले हात तसेच हवेत धरून बसला, कारण तिला हात लावला असता तर साडी खराब झाली असती. मग एकदम त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. मानपत्र विरोधकच लिहितो, हा नियम बाईंनीच त्याला हजारदा ऐकवला होता.

“म्हणजे विरोधात तू होतीस,” तो म्हणाला. “माझ्यासाठी?”

बाईंनी मानपत्राच्या कागदाची घडी घातली. त्याचा अर्थ त्याला न कळण्यासारखा नव्हता. त्याचा चेहरा उतरला, आणि तो बाईंना उभ्या आयुष्यात अगदी क्वचित रागावला होता, त्यांतली ही एक वेळ.

“मी इतका तकलादू वाटलो तुला? बरं, मला वाटू दे. ज्याने कुणी मर मर मरून ते लिहिलंय त्याचं काय? उरलेल्या दोघांत आणखी एकाचा कुणी भाऊ निघाला असता तर?”

विद्यार्थ्यांना बाईंनी जे आयुष्यभर शिकवलं, ते हा मॅट्रिकच्या आधी शाळा सोडलेला माणूस त्यांना शिकवत होता असं मात्र कुणी समजू नये. ते त्यांनाही पाठ होतं. फक्त त्यांनी ते त्या दिवशी बैठकीत नेलं नव्हतं, आणि हे त्यांना फार लागलं.

पॉलिशची डबी बंद करता करता दादाने साध्या आवाजात विचारलं, की या लेखकाने अहवाल सगळे वाचले, का मधले मधले चाळून ठोकून दिलं. बाईंनी डोळे पुसले. सगळे वाचल्याचं नमूद आहे, त्या म्हणाल्या.

“कुठे आहे नमूद?”

“तळटीप आहे तशी.”

“तळटीप आहे म्हणजे झालंच,” दादा म्हणाला. “कोट आण माझा. उद्या लवकर निघू.”

समारंभाआधी बाईंनी अध्यक्षांना कोपऱ्यात गाठून सगळं सांगितलं. मत बदलायचं आहे का, त्यांनी विचारलं. मत नाही, हेतू नोंदवायचा आहे, बाई म्हणाल्या. अध्यक्षांनी त्यांच्याकडे जरा मायेने पाहिलं. निकालपत्रात हेतूसाठी जागा नाही, ते म्हणाले, आणि असती तर माझ्या कित्येक निकालांची पंचाईत झाली असती.

तेव्हा बाईंनी ती जागा मानपत्रातच केली. दुसरा परिच्छेद निम्मा कापला होता, तिथे एक वाक्य मावलं. व्यासपीठावरून त्यांनी स्वच्छ आवाजात वाचलं: “या लेखाला विरोध करताना परीक्षकाने जे कारण दिलं ते बरोबर होतं, पण विरोध त्या कारणासाठी नव्हता, आणि त्याबद्दल परीक्षक लेखकाची क्षमा मागते.” सभागृहातल्या विद्वानांनी माना डोलावल्या. यात काहीतरी खोल संशोधनपद्धती आहे असं त्यांना वाटलं असावं. पहिल्या रांगेत उशीला टेकून बसलेल्या एका माणसाने तेवढं नाक शिंकरलं.

बक्षीस घ्यायला आली ती एक उंच, किडकिडीत, आवाज बसलेली मुलगी. आभाराचं भाषण तिने इतकं थोडक्यात उरकलं की दादा खूश झाला. नंतर बाहेरच्या पडवीत चहा होता. बाई आणि दादा कठड्याशी उभे असताना ती कप सांभाळत त्यांच्याकडे आली. क्षमेचं काही मनावर घेऊ नका, ती बाईंना म्हणाली, कारण परीक्षकांचे अभिप्राय मला दिले होते आणि तुमची हरकत वाचून तर मी शहारलेच. निर्णायक पुरावा नाही हे अगदी खरं. लेखात नाही. “पण माझ्याकडे होता,” ती म्हणाली. “मी वापरला नाही.”

बाईंमधली तळटीपबाई ताठ झाली. पुरावा हाती असून वापरला नाही? का?

मुलीने इकडेतिकडे पाहिलं. एक अहवाल आहे, ती म्हणाली. आकडा नेहमीसारखा, सही नेहमीसारखी. आणि शेऱ्याच्या रकान्यात, त्याच वळणदार अक्षरात, लिहिलंय: ‘आज पहाटेपासून नदी उलटी वाहत आहे. कारण समजले नाही. पुढे काय करावे याची सूचना व्हावी.’ त्यावर आवक विभागाचा शिक्का आहे, गठ्ठ्याचा क्रमांक आहे, आणि पुढे काहीही नाही. कुणी विचारलं नाही, कुणी माणूस पाठवला नाही. एवढ्या एका कागदावर सगळा लेख उभा राहिला असता.

“मग?” बाईंनी विचारलं, पण त्यांची नजर दादाकडे गेली होती. दादा कपात बघत होता.

“लोक हसले असते,” मुलगी म्हणाली. “कारकुनाच्या डोक्यावर परिणाम झाला होता म्हणाले असते. तो माणूस कुठेतरी असेल अजून, नाहीतर त्याच्या घरचे असतील. माझ्या लेखासाठी त्यांचं हसू कशाला करायचं? म्हणून कागद जागच्या जागी ठेवून दिला.”

बाईंच्या मनात आलं, ही आणि आपण, दोघी एकाच माणसाला झाकायला धावलो, आणि दोघींनीही त्याला विचारलं नाही. तेवढ्यात दादा बोलला. मुलीला तो कोण हे ठाऊक नव्हतं. बाईंबरोबरचे कुणी वडीलधारे, एवढंच तिने धरलं असेल.

“आणि तुम्ही?” त्याने विचारलं. “तुम्ही हसलात का तो वाचून?”

मुलगी गोरीमोरी झाली. आपली कानउघाडणी होते आहे असं तिला वाटलं. खोटं बोलावं का, असं एक क्षण तिच्या चेहऱ्यावर दिसून गेलं, पण बहुधा तिचाही खोटं बोलण्याचा हात साफ नव्हता.

“हो,” ती म्हणाली. “काय सांगू, इतकं हसू आलं की आवरेना. वाचनकक्षाच्या ग्रंथपालांनी मला बाहेर काढलं. जिन्यात बसून हसत होते मी.”

दादाने कप कठड्यावर ठेवला. आधी त्याचे खांदे हलले. मग तो हसायला लागला, अगदी पोट धरून. कोटाच्या बाहीने डोळे पुसतोय आणि पुन्हा हसतोय. मुलगी घाबरून बाईंकडे बघू लागली, आणि बाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून तिला हळूहळू कळत गेलं आपण कुणासमोर उभे आहोत ते.

“हसावं म्हणूनच लिहिलं होतं हो,” दादा म्हणाला. “म्हटलं, कुणीतरी हसेलच.”